नाहूरचे बाप आणि एकच पोर

बोरीवलीचं घर सोडलं तेव्हा हातात एक बॅग आणि कपाळावर तापल्या उलथन्याचा चटका होता. निरोपाला गॅलऱ्यांत एवढी माणसं उभी, की आमदाराच्या सभेलाही कधी जमली नसतील. "हे काय झालं रे?" तळमजल्यावरच्यांनी विचारलं. म्हटलं, सूर्याशी भांडलो. लोक हसले. बायको मारते म्हटलं असतं तर त्याहून जास्त हसले असते; पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेलो तेव्हा साहेब हसलेच होते, "काय राव, एवढा धिप्पाड गडी!" वर ग्रिलला नाक लावून माझी सात वर्षांची ओवी उभी होती. मी हात केला. तिनं केला नाही.

गावाहून आईचा फोन आला, "घर सोडणाऱ्याक उंबरो पण वळखणा नाय." खरं गो आई. पण तो उंबरा ओलांडताना माझी पाठ कशी दिसत होती, ते तुला कुणी सांगितलं नाही.

नाहूरला आलो तो सुर्वेकाकांच्या खोलीवर. ही खोली म्हणजे घर सुटलेल्या बापांची धर्मशाळा. कुणाचा घटस्फोट चाललाय, कुणाच्या पोराचा ताबा कोर्टात, कुणी माझ्यासारखा मार खाऊन आलेला. काकांनी काही विचारलं नाही. कपाळाला कोरफड लावली आणि म्हणाले, "रड बिनधास्त. फक्त बाथरूम अडवून रडू नको, एकच आहे." त्या रात्री मी एवढा रडलो, की पालिकेनं खालून पंप लावला असावा.

यंदा काकांनी फर्मान काढलं: खोलीत गणपती बसवायचा, आणि प्रत्येकानं आपापलं पोर दुपारपुरतं मागून आणायचं. आमच्यात घराण्याचा गणपती एकच, तो गावी. पण घराणंच सुटलेल्यांनी कुठं जायचं? मोदक आम्हीच वळले. असे दणकट, की बाप्पाचा उंदीर जीव मुठीत धरून लांब बसला असता.

दुपारी कुणाच्या पोराला ताप आला, कुणाची परीक्षा निघाली, कुणाच्या बायकोचा फोन लागेना. काकांचा मुलगा तर कित्येक वर्षं "पुढच्या वेळी नक्की" येतोय. आली ती फक्त माझी ओवी. कोर्टानं पहिल्यांदाच तिला माझ्याकडे, माझ्या राहत्या जागी पाठवलं होतं. मामानं दारात सोडलं, "चारला नेतो" म्हणाला.

आणि दहा उपाशी बाप त्या एका पोरीवर तुटून पडले.

"भाऊ, मला वेणी येते हां!" मुलुंडच्या जिग्नेशनं तिची बांधलेली वेणी सोडून परत घातली. दोनदा. एकानं सँडल पुसले. एक पंख्यासमोर उभा राहून तिला हातानंच वारा घालत होता. काका घास भरवत होते, "खा गं बाय, अजून एक, काकाचा." मी पाण्याचा पेला धरून सगळ्यांच्या मागे. सरका रे, माझी आहे ती, एवढंच म्हणायचं होतं. पण कुणाला म्हणू? जिग्नेश तिच्या रिबिनीची गाठ पुन्हा पुन्हा नीट करत होता.

चारला मामा आला. ओवी धावत जाऊन त्याच्या पायांना बिलगली. तिला काय वाटलं, ते मला वकिलाकडून कळलं: खोलीभर अनोळखी पुरुष होते, मुलगी घाबरली. आता घरी भेट नाही. कोर्टातल्या खेळण्यांच्या खोलीत, समुपदेशक बाईंच्या नजरेसमोर, तासभर.

मी खोलीवर बातमी सांगितली. जिग्नेश उठून बाथरूममध्ये गेला आणि आतून कडी लावली. आम्ही कुणीच दार वाजवलं नाही.

गावच्या लोकांनो, विचारता ना, आता घर कुठं? ज्यांच्या मायेनं माझी लेक पळाली, त्यांच्यातच राहतो. सकाळी काका माझ्याकडे न बघता चहा पुढं सरकवतात. मी पितो. दुसरं कोण देणार?