तिसरी हाक

आमच्या घराला वर्षातून एकदा शिव्या खाव्या लागत आणि त्या खाण्यातच आमची इज्जत होती. होळीच्या संध्याकाळी अख्खं गाव ढोल वाजवत आमच्या बागेच्या फाटकाशी येई, तोंडावर हात मारून बोंबा ठोकी आणि इनामदारांच्या नाकापासून पोटापर्यंत सगळ्याचा उद्धार करी. इनामदार म्हणजे माझे मोठे काका. इनाम केव्हाच गेलं होतं, पण बाग होती, खाडीलगतची भाताची खाचरं होती आणि नाव चिकटून राहिलं होतं. काका ओटीवरच्या झोपाळ्यावर कडक इस्त्रीचं धोतर नेसून बहिऱ्याचं सोंग घेऊन बसत. मग गावातला एक म्हातारा होळीचं झाड मागायला फाटकातून हाक मारी.

"इनामदार, झार देतंस क न्हाय?"

पहिल्या हाकेला गप्प बसायचं. दुसऱ्या हाकेलाही गप्प. तिसऱ्या हाकेला काका उठत, हळदकुंकवाचं तबक घेऊन जात, स्वतःच्या हाताने फाटक उघडत आणि बागेतल्या एका उंच पोफळीला कुंकू लावत. ती पोफळ म्हणजे गावच्या होळीचा खांब. तोडायचा मान त्या म्हाताऱ्याच्या घराण्याचा. लाल फडक्यात गुंडाळलेली कुऱ्हाड तो घरूनच आणी. झाड पडताना पोरं ते वरच्यावर झेलत आणि खांद्यावरून नेत, कारण जमिनीला टेकलेलं झाड होळीला चालत नसे. मागून काकू पुरणपोळ्यांची पाटी पाठवत.

मी ठाण्याची, वडिलांनी आपला वाटा सोडून नोकरी धरली तेव्हापासूनची. पण सगळ्या सुट्ट्या काकांकडे. काकांची मुलगी, म्हणजे माझी ताई, आणि मी फाटकाजवळच्या पेरूवर चढून गावाच्या शिव्या पाठ करायचो. माझी मराठी शाळेपेक्षा त्या पेरूवर जास्त सुधारली. काकू कपाळाला हात लावायच्या आणि काका मिशीत हसायचे.

मी कॉलेजात होते त्या वर्षी मात्र सगळं फिसकटलं. कशेळीपासून आत गोदामं सरकत सरकत आमच्या अंजूरच्या अंगाला आली होती. काकांचा मुलगा, आमचा दादा, पुण्याहून कसलीशी डिग्री घेऊन आला आणि त्याला शेतात गोदामंच दिसायला लागली. खाडीलगतची खाचरं त्याने काकांना गळ घालून एका गोदामवाल्याला देऊन टाकली. कागदावर ती आमचीच होती. पण आमच्यातल्या कुणाचा पाय कधी त्या चिखलात गेला नव्हता. लावणी, कापणी, खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालणं, सगळं गावाने केलं होतं. करार झाला हे गावाला कळलं ते बुलडोझर आल्यावर. हे मला आजही लाजिरवाणं वाटतं.

मग जे व्हायचं ते झालं. पोरांनी रस्ता अडवला, टायर पेटवले, दोन ट्रकच्या काचा फुटल्या. पुढारी पांढऱ्या गाड्यांतून येऊन भाषणं ठोकून गेले. पोलिसांनी पोरं उचलली, त्यात कुऱ्हाडीच्या मानकरी म्हाताऱ्याचा नातूही होता. ताई सरळ जाऊन रस्त्यावर बसलेल्या बायकांच्या घोळक्यात बसली. दादाने तिला दंडाला धरून जीपमध्ये घातलं आणि घरी आणलं. दोघं बहीणभाऊ ओटीवर एकमेकांच्या अंगावर धावून जात होते आणि मधे काका झोपाळ्याची कडी धरून बसले होते.

"हा बागेत राहून बागेची अब्रू घालवतोय," ताई ओरडली.

"आणि तू? उद्या तेच लोक दगड मारतील तेव्हा कुणाच्या मागे लपणार आहेस?"

दगड आलेच. एका दुपारी ओटीच्या कौलांवर पाचसहा पडले. दुसऱ्या दिवसापासून फाटकावर दोन पोलीस बसले.

काकांना मात्र दगडांचं काही वाटत नव्हतं. त्यांना एकच घोर लागला होता, गाव होळीला झाड मागायला येणार की नाही. रोज संध्याकाळी ते काकूंना विचारत, "येतील ना?" काकू म्हणायच्या, "तुम्हाला काय वाटतं?" यावर काका नेहमीचं उत्तर देत, "जमिनीचं भांडण जमिनीच्या जागी. होळीला गाव येईल." एवढं बोलून मग माझ्याकडे बघत, मी काही वेगळं म्हणते की काय म्हणून. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. जमीन देताना ज्यांना गाव आठवलं नाही, त्यांना शिव्या खायला मात्र गाव हवं होतं. पण गाव आलं नसतं तर ते मोडले असते, हेही मला दिसत होतं. ते त्या माणसांचे कोण, हे सांगणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

होळीच्या दिवशी त्यांनी पोफळ आधीच निवडून ठेवली. बागेतली सगळ्यात उंच, सरळ. धोतर नेसून ते दुपारपासूनच झोपाळ्यावर बसले. तबक शेजारी.

दिवस कलला आणि ढोल ऐकू आले.

काकांचा तो चेहरा मी विसरणार नाही. लहान पोराला जत्रेला नेतो म्हणावं तसे ते खुलले. "आले," एवढंच म्हणाले आणि बहिऱ्याचं सोंग घेऊन ताठ बसले. दादा मात्र मोबाईल कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालत होता. "मोर्चा येतोय, हत्यारं घेऊन येतायत," तो पोलिसांना सांगत होता. ताई किंचाळली, "अरे, होळी आहे ती!" तो म्हणाला, "या वर्षी नाही."

पोलिसांची गाडी पोचली तेव्हा गावही फाटकाशी पोचलं होतं. माणसं नेहमीपेक्षा कमी होती आणि बरीचशी वयस्कर. जवान पोरं आलीच नव्हती. म्हाताऱ्याने त्यांना किती विनवलं असेल, किती जणांची बोलणी खाल्ली असतील, ते तोच जाणे. बोंबा सुरू झाल्या. शिव्या सुरू झाल्या. गाडीतून उतरलेले पोलीस बाहेरगावचे, त्यांना या सगळ्यातलं काय कळणार? त्यांच्यासमोर एक चिडलेला जमाव होता आणि पुढे कुऱ्हाड घेतलेला एक माणूस.

"इनामदार, झार देतंस क न्हाय?"

ताईने काकांचा हात धरला. "पप्पा, उठा. आत्ता उठा."

"तिसऱ्या हाकेला," काका ओठ न हलवता म्हणाले. "आधी जायचं नसतं."

"पप्पा, पोलीस आहेत तिथे!"

"म्हणून काय झालं? रीत आहे."

बाहेर कुणीतरी दरडावत होतं, "मागे हटा, कुऱ्हाड खाली ठेवा." म्हातारा मागे हटला नाही. इनामदार उठणार आणि येऊन या लोकांना गप्प करणार, याची त्याला खात्री असावी. त्याने पुन्हा हाक मारली, आवाज चढवून.

"इनामदार! झार देतंस क न्हाय?"

काकांनी तबक उचलून मांडीवर घेतलं. गुडघ्यावर हात ठेवून ते उठायच्या बेतात बसले. ताई वाट न बघता फाटकाकडे धावली, मी तिच्यामागे. आम्ही अंगणाच्या अर्ध्यात होतो तेव्हा पहिली काठी पडली. मग धावपळ, बायकांचा आकांत, फुटलेला ढोल. थोड्या वेळात रस्त्यावर नुसत्या चपला राहिल्या.

मी मागे वळून पाहिलं. काका तसेच बसले होते, तबक मांडीवर घेऊन, कान देऊन.

नंतर ते फाटकात आले. पोलिसांच्या साहेबाच्या हातात लाल फडक्यातली कुऱ्हाड होती. "ती होळीची आहे," काका म्हणाले. साहेब अदबीनेच म्हणाला, "इनामदारसाहेब, कुऱ्हाड ती कुऱ्हाड." गावाने त्या वर्षी बाजारातून बांबू आणून होळी केली.

म्हाताऱ्याचं मनगट मोडलं होतं. आठवड्याने काका त्याच्या घरी गेले, मी आणि ताई सोबत होतो. म्हातारा ओट्यावर प्लास्टरचा हात छातीशी धरून बसला होता. दोघं लहानपणी खाडीत एकत्र पोहलेले. काकांना "तू" म्हणणारा गावात तेवढाच एक उरला होता. त्याच्या सुनेने आम्हाला पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही.

"मी उठणार होतो," काका म्हणाले. "तिसऱ्या हाकेची वाट बघत होतो."

म्हाताऱ्याने प्लास्टरचा हात मांडीवर घेतला.

"दोन आयकल्यास ना?" तो म्हणाला. "मंग?"

काकांनी पायात चपला सरकवल्या. परत येताना ते बांधावरून आमच्या पुढे चालत होते आणि मला पहिल्यांदा ते म्हातारे दिसले. ताईने त्यांचा हात धरला नाही. मीही धरला नाही. माझा राग तेव्हा उतरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही पुरता उतरलेला नाही.

पुढच्या होळीपर्यंत खाचरांवर गोदामांचे निळे पत्रे चढले होते. दादा तिकडेच ऑफिस थाटून बसला होता. मी मुद्दाम आले होते, का ते मलाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी काका धोतर नेसून झोपाळ्यावर बसले, शेजारी तबक. दिवस कलला आणि गावातून ढोल ऐकू आला. पहिल्याच ठोक्याला काका उठले, भरभर चालत गेले आणि त्यांनी फाटक सताड उघडलं.

ढोल देवळाकडे वळला. काका तबक धरून अंधार पडेपर्यंत तिथे उभे होते.