रिस्पाबाईंना मिळाले पैकीच्या पैकी

केनियातल्या काकामेगाच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या रिस्पा खसांडी बाईंना ‘तुम्हाला समजत नाही’ असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. आता मात्र दर डायलिसिसला वांजाला नावाचे डॉक्टर त्यांना तेच सुनावायचे. बाईंच्या रक्तातलं पोटॅशियम काही केल्या उतरत नव्हतं. ते उतरेपर्यंत धाकट्या बहिणीची, जेरिडाची, किडनी बाईंना बसवायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

“चोरून केळी खाता का?”

“मी काय माकड आहे?” बाई उसळल्या.

केळी सोडली, अव्होकाडो सोडला, भाजी दोनदा उकळून पाणी फेकलं, मीठ तर घरातून हद्दपार केलं. पोटॅशियम ढिम्म. बाई अगदी रडकुंडीला आल्या होत्या.

मध्यंतरी, रुग्णांना आपला आजार कितपत कळतो हे मोजायला एक प्रश्नपत्रिका आली. बाईंनी ती चष्मा पुसून झरझर सोडवली आणि पैकीच्या पैकी मिळवले. कमी गुणवाल्यांसाठी खाण्यापिण्याचा वर्ग भरला. तिथे आपल्याला बोलावलं नाही, हे बाईंना रास्तच वाटलं.

एकदा त्यांनी डब्यातली चवळीच्या पाल्याची भाजी सिस्टर इमालीला चाखायला दिली.

“इतकी मऊ? बाई, यात मुशेरेखा घातलाय?”

“मग काय करू? मीठ तुम्हीच बंद केलंत. जेरिडा बिचारी घेवड्याची वाळकी झाडं जाळते, राखेतून पाणी गाळते आणि तो मुशेरेखा मला आणून देते.”

सिस्टरने कपाळावर हात मारला. “अहो, त्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं. वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं की.”

“मला कुणी बोलावलं वर्गाला?”

बाई तडक डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फाइल पुढे सरकवली. “इथे तर तुम्हाला सगळं समजतं असं आहे. समजूनही पाळत नाही, असं मी प्रत्यारोपण समितीला कळवलं. त्यांनी ऑपरेशन रद्द केलंय. आता पुढच्या वर्षी बघू.”

“त्या प्रश्नपत्रिकेत राखेच्या पाण्यावर प्रश्नच नव्हता. मग मला नापास करा ना.”

“बाई, गुण असे बदलता येत नाहीत.”

बाहेर बाकावर जेरिडा ताज्या गाळलेल्या पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती.

“काय म्हणाले गं डॉक्टर, ताई?”

“म्हणाले, मी फार हुशार आहे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.