गौराबाईचा पासपोर्ट

कशेळ्याच्या बाजारात ‘पासपोर्ट’ हा शब्द पहिल्यांदा मी उच्चारला असणार. भाजीवाल्या, सुकी मासळी विकणाऱ्या बायका, सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ज्या बाईसाठी तो उच्चारला ती माझ्यासमोर उकिडवी बसून शेवग्याच्या शेंगा निवडत होती. तिचं नाव गौराबाई.

गौराबाई ओढ्यापलीकडच्या वाडीतली. नवरा नागू बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला. पावसाच्या पाण्यावरचं भाताचं एकच पीक, एक म्हैस, आणि शेजारच्या घरात दीर गोमा. कशेळ्याचा बाजार आणि फार तर नेरळ, यापलीकडे तिने पाऊल टाकलेलं नव्हतं. कर्जतसुद्धा तिला लांब वाटायचं. मुलगी एकच, शकू. ती माझ्या हाताखाली शिकली. मी इथल्या शाळेत बाई होते, आणि हुशार पोरगी दिसली की मला स्वस्थ बसवत नाही. भांडून, नागूशी अक्षरशः हमरीतुमरीवर येऊन मी शकूला कर्जतला शिकायला ठेवलं. पुढे ती मुंबईला नर्स झाली, तिथेच तिचं लग्न झालं, आणि बहात्तर साली नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. ओहायो नावाच्या राज्यात. गौराबाईने तो शब्द कधी तोंडात घेतला नाही. ती ‘शकूच्या गावात’ म्हणायची.

शकूची पत्रं मीच वाचून दाखवायची. त्यांत नवऱ्यापेक्षा जास्त कोण असायचं, तर डोरोथी. ही शकूची घरमालकीण. खाली ती, वर शकू. साठी उलटलेली, विधवा, स्वतः मोटार चालवणारी. आणि या बाईकडे पासपोर्ट नाही! शकूने लिहिलं होतं की इथे पुष्कळांकडे नसतो, माझ्या वॉर्डातल्या बहुतेक नर्सकडेही नाही आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही. डोरोथी म्हणायची, माझा देशच माझ्याच्याने बघून होत नाही, बाहेर कशाला जाऊ? तिच्या मते परदेशात जातात ते पाद्री, सिनेमावाले, आणि पैसा कुठे टाकावा हे ज्यांना कळत नाही ते.

मला असा संताप आला! आम्ही इथे विमानाचा आवाज आला तरी मान दुखेपर्यंत वर बघणार, आणि डॉलर खिशात असून ही बया म्हणते कशाला जाऊ. गौराबाईला मात्र ते फार पटलं.

“शानी बाय हाय,” ती म्हणाली. “घर सोडून फिरायचं कशाला? म्हस कोन बघंल?”

“तिच्याकडे म्हैस नाही, गौराबाई.”

“मंग दुसरं काय तरी आसंल.”

तेव्हापासून प्रत्येक पत्राच्या शेवटी ती विचारायची, डोरोथीबाय बरी हाय ना? जणू पलीकडच्या आळीतली कुणी.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात पत्र आलं, की शकूला दिवस गेलेत, मार्गशीर्षात बाळंत होईल. आता आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, यात वाद नाही. ते आईचं काम. शकूला इकडे येणं शक्य नव्हतं, म्हणून तिने आईलाच बोलावलं होतं. तिकीट जावई पाठवणार होते. मला वाटलं, गौराबाई नाही म्हणणार. ती शेंगा निवडायची थांबली.

“म्हस गोमाकडं बांधीन,” ती म्हणाली.

बस, एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं का सांगू? तेव्हाच मी तो शब्द उच्चारला.

“तिकडे जायला पासपोर्ट लागतो, गौराबाई.”

“त्यो काय आसतो?”

“सरकारचा परवाना.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “लेकीच्या बाळंतपनाला जायाला सरकारचा परवाना? आन सरकार नाय म्हनलं, तर काय पोर पोटात थांबल?”

फोटोसाठी तिला नेरळला घेऊन गेले. फोटोवाला म्हणाला, कान दिसले पाहिजेत, पदर मागे घ्या. ही म्हणाली, माझं कान सरकारनं बघून काय करायचं हाय? अर्धा तास हा तमाशा. शेवटी पदर मागे सरला, पण फोटोत ती अशी रागावलेली दिसते की बघणारा दोन पावलं मागे जाईल. अर्जावर अंगठा झाला. मी तिला चांगलं बजावलं, “चौकशीला माणूस येईल. विचारेल गौराबाई कुठे राहते. नीट सांग.” “सांगन की,” ती म्हणाली.

आता इथे वाडीची एक रीत सांगायला हवी. दारूबंदी आली त्या काळात सणावाराला कुणाच्या ना कुणाच्या परसात भट्टी लागायचीच, आणि रानातून लाकूडफाटा तर रोजच यायचा. त्यामुळे खाकी कपडा बांधावर दिसला की पोलीस असो, फॉरेस्टचा शिपाई असो, तो ज्याचं नाव घेईल तो माणूस घरी नसायचा. नाव ज्याचं असेल त्यानेच समोर उभं राहून सांगायचं, की तो परगावी गेलाय. बाकीच्यांनी मान डोलवायची. लहान पोरांनासुद्धा हे शिकवावं लागत नसे. यात कुणाला लबाडी वाटत नव्हती, आणि मलाही फारशी वाटत नाही.

आषाढात लावणी चालली होती. गौराबाई बायकांबरोबर रांगेत, गुडघाभर चिखलात, वाकलेली. बांधावर सायकल टेकवून हवालदार उभा राहिला.

“गौराबाई नागू कुठं राहते?” त्याने विचारलं.

रांग थांबली. गौराबाईने मान वर केली नाही, हातातली रोपं खोचतच राहिली.

“ती नाय हितं,” ती म्हणाली. “भावाकडं गेली.”

“कधी येणार?”

“आता कशाची येते!”

“गेली, गेली,” बायका म्हणाल्या. औतामागून गोमा ओरडला, “तिला जाऊन साल झालं, सायेब! घर बी पडलं तिचं.”

हवालदाराने वहीत लिहून घेतलं, गोमाची सही घेतली आणि सायकल वळवली. घर मागेच होतं, कौलांतून धूर निघत होता. त्या दिवशी वाडीत हसूनहसून बायकांची पोटं दुखली म्हणे.

हे मला बाजारच्या दिवशी गौराबाईने स्वतः सांगितलं. अगदी ऐटीत. “बाई, एक हवालदार आलता माझं नाव घेत. आसा पिटाळला!”

मी कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई, तो तुझ्याच पासपोर्टसाठी आला होता!”

“तुमी म्हनलाव मानूस येल,” ती म्हणाली. “ह्यो तर पोलीस.”

मी भर बाजारात तिच्यावर ओरडले. तिचा चेहरा हळूहळू असा उतरत गेला की मलाच गप्प व्हावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तो हवालदार बिचारा सरळ माणूस. म्हणाला, “बाई, मी कागद पुढे पाठवला. अर्जदार पत्त्यावर राहत नाही, घर पडलेलं आहे, दिराची सही आहे. मी आणखी काय करायला हवं होतं?” खरंच, काय करायला हवं होतं त्याने? मी नवा अर्ज भरला. पण आधीचा निकालात निघाल्याशिवाय नवा पुढे सरकेना, आणि मार्गशीर्ष काही कुणासाठी थांबत नाही.

शकूला काय कळवायचं? मी खरं तेच लिहायला बसले, तर गौराबाईने माझा हात धरला. “नका लिवू. तिकडं समद्यांना कळंल. म्हनतील, शिकल्याली नर्स, आन आई बघा, पोलिसाला भिऊन सोताचंच नाव नाय म्हनाली.” मी समजावलं, चिडले, पण ती ऐकेना. म्हणून मी लिहिलं, कागद अडले आहेत, आईला येता येणार नाही.

मुलगी झाली. शकूच्या पत्रात होतं, की कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा कामावर होता, डोरोथीने मोटारीतून नेलं आणि रात्रभर तिचा हात धरून बसली. घरी आणल्यावर स्वयंपाकही तिनेच केला. ‘आई, तुला विमानाची भीती वाटली असेल, मी समजू शकते,’ असंही शेवटी होतं.

“ती कोन हात धरनारी?” गौराबाई म्हणाली आणि उठून चालती झाली. डोरोथी बरी आहे का, हे तिने त्यानंतर कधी विचारलं नाही.

दुसऱ्या चौकशीची मात्र तिने जय्यत तयारी केली. खाकी दिसली की धावायची. एसटीच्या कंडक्टरला सांगितलं, “मीच गौराबाई, हितंच राहते.” तो म्हणाला, “राहा की, मी कुठं नको म्हणतोय? तिकीट काढा.” पोस्टमनला सांगितलं. फॉरेस्टच्या शिपायाला सांगितलं, ही लाकडं टाकून पळाली नाही हे बघून तो चक्रावला. खरा हवालदार आला तेव्हा तिने त्याचा हात धरून घरात नेला, चूल दाखवली, म्हैस दाखवली, आणि गोमाला उभं करून म्हणायला लावलं, की ही माझी वहिनी, जित्ती हाय. शिमग्याच्या सुमारास पासपोर्ट आला. तिने तो लुगड्याच्या घडीत ठेवला. वाडीतले लोक बघायला यायचे. ती फक्त फोटो दाखवायची, हात लावू द्यायची नाही.

तीन उन्हाळे गेले. चैत्रात शकूला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. त्या पत्रात बोलावणं नव्हतं, पण गौराबाई पुढच्या पत्राची वाट बघत बसली नाही. हळीव आणले, डिंक आणला, खारीक कुटून ठेवली. धाकट्या पुतण्याला म्हशीच्या खोडी समजावून सांगितल्या. विमानात लुगडं चालतं का, हे मला दहा वेळा विचारून झालं. मी हसायची, पण खरं सांगू, मलाही आनंद झाला होता. तिच्याच सांगण्यावरून मी शकूला कळवलं, की आईचा पासपोर्ट तयार आहे, ती निघायला उभी आहे.

उत्तर लवकर आलं. शाळेला सुट्टी लागलेली, मी पडवीत बसून वाचलं.

‘आई, तू या वेळी एवढी दगदग करू नकोस. डोरोथीला आता बाळंतपणातलं सगळं माहीत झालंय, मुलगी तिलाच आजी म्हणते. तू आली नाहीस तेव्हा मी फार रडले होते. आता तसं काही राहिलेलं नाही. तुझी भीती मला कळते. तू तिकडे सुखात राहा.’

मी वाचायची थांबले. गौराबाई हातातल्या पिशवीचा बंद पिळत बसली होती.

“शकूला आता सगळं खरं लिहिते,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “कुठली भीती? कसली भीती? कळू दे तिला!”

“नको, बाई.” तिने नाक पुसलं. “लिवा, आईला यायला जमायचं नाय. भात उभं हाय.”

ओढ्यापलीकडची शेतं मोकळी पडली होती. रोपांसाठी राब भाजून झालेले, जमीन नुसती काळी.

“वैशाखात कुठलं भात, गौराबाई? शेतकऱ्याची पोर ती. हे निमित्त आहे, वाचल्याबरोबर तिला कळेल.”

“कळू द्या की,” ती म्हणाली.

मी लिहिलं.