वास आला तरी गप्प

आमच्या घरात दारू हा शब्द कोणी उच्चारत नसे. बाबा नुसतं 'ते' म्हणायचे. "तो ते घेतो," असं त्यांनी एखाद्याबद्दल म्हटलं, की त्या माणसाकडे आमचं जाणं-येणं संपलं. कोकणातलं गाव सोडून आलेल्या आजोबांनी पंचशीलातलं पाचवं, नशा न करण्याचं शील कसोशीनं पाळलं, बाबांनीही पाळलं. कामोठ्याच्या घरात संध्याकाळी वंदनेला बसलं की मीही ते मोठ्यानं म्हणायचो. लग्न झालं तेव्हाही म्हणत होतो, आणि तोवर मला प्यायला लागून चार वर्षं झाली होती.

पावणे गावाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. शनिवारी काम दोनला सुटतं. आम्ही चौघं जवळच्याच एका बारमध्ये बसायचो, आणि उजेड असतानाच मी बाइकवरून कामोठ्याला निघायचो. हेल्मेटची काच खाली, तोंडात मूठभर बडीशेप. घरी कळू नये, एवढी एकच काळजी असायची. रस्त्याची काळजी कधी वाटलीच नाही. रिक्षानं गेलो असतो तर बाबांनी विचारलं असतं, गाडी कुठाय? म्हणून गाडी घेऊनच जायचो.

बायकोचं माहेर सारसोळ्याचं, कोळ्यांचं घर. तिथं सगळं उघड. कार्य असलं की पहिले थेंब देवाला, मग वडीलधारे, मग बाकीचे. म्हाताऱ्या बायकाही घोटभर घेतात आणि कोणाला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी "घेत नाही" असं सांगितलं. सासऱ्यांना त्याचं फार कौतुक वाटलं. येईल त्याला सांगायचे, "आमचा जावय घेत नाय." ते कौतुक मला आवडायला लागलं होतं.

मेव्हण्याचा साखरपुडा रविवारी दुपारी होता. मांडवात सगळ्यांचे ग्लास भरले जात होते आणि माझ्या हातात लिंबू सरबत. बायकोच्या चुलतभावाला माझं माहीत होतं. घरामागे, जाळी वाळत घातली होती तिथं, त्यानं माझ्या सरबतात तीनदा दारू ओतली. पाचच्या सुमाराला मी निघायची तयारी केली. मुलगी अडीच वर्षांची. ती पुढे टाकीवर बसणार, बायको मागे.

सासरे समोर येऊन उभे राहिले आणि हात पुढे केला.

"चावी दे."

"कशाला, मामा?"

"तुजे तोंडाला वास येतंय."

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. "मामा, तुम्ही पण घेतलीय."

"घेतलीय. सगल्यांच्या म्होरं घेतलीय. मी गाडीला हात लावला तं कोन पन मना आडवंल. तुना कोन आडवनार? तू तं पीतच नाय."

आवाज चढलेला नव्हता. मांडवातल्या कोणाला कळलंही नसेल. मी चावी दिली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि पाहुण्यांना सोडायला निघून गेले.

बायको मुलीला झोपवत होती. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. मी विचारलं, बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बोलले असते तर तुमच्या घरी काय झालं असतं? सारसोळ्याची केली आणि पोरगा बिघडला, असंच ना?" मग जरा वेळानं म्हणाली, "माझ्या बाबांच्या होडीवर कोणी पिऊन आला तर त्याला काठावर ठेवून जायचे. कोणी शिव्या नाही द्यायचं. नुसतं न्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी तो परत होडीवर."

मला आमचं घर आठवलं. आमच्याकडे काठावर ठेवणं म्हणजे कायमचंच.

घरी फोन करून आज येत नाही असं सांगायला हवं होतं. बाबांनी कारण विचारलं. मी दोनदा काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मग म्हणालो, "बाबा, मी प्यायलोय."

त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"पोरगी कुठाय?"

"झोपलीय. इथंच."

"बरं. उद्या या," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचे दोन आठवडे ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. एका रविवारी विहारातून आम्ही बरोबर परतत होतो, तेव्हा चालता चालता त्यांनीच काढलं. "ऑफिसात माझ्याबरोबर एक जण होता. संध्याकाळी मला स्कूटरवर घरापर्यंत सोडायचा. चार वर्षं. त्याच्या तोंडाला रोज वास यायचा."

"आणि तुम्ही बसायचात?"

"मागं बसायचो. चांगला माणूस होता. तोंडावर कसं म्हणायचं, तू घेतलीयस म्हणून? म्हटलं की तो माणूस संपला ना आपल्यासाठी." जरा पुढे गेल्यावर म्हणाले, "तुम्ही लहान होतात तेव्हा."

ते चार वर्षं कोणाच्या भरवशावर घरी येत होते, हे आईला कधी कळलं नाही.

गेल्या वर्षी मुलीच्या वाढदिवसाला बाबा सारसोळ्याला जेवायला आले होते. निघताना सासऱ्यांनी त्यांना नेरूळ स्टेशनवर सोडायला स्कूटर बाहेर काढली. दुपारी त्यांनी घेतलेली होती. बाबांनी चपला घातल्या, स्कूटरजवळ गेले आणि विचारलं, "तुम्ही घेतलीय ना?"

ओट्यावरची माणसं वळून बघू लागली. सासरे म्हणाले, "दोन घोट. गावातल्या गावात तं हाय."

"मग मी चालत जातो," बाबा म्हणाले, आणि खरोखरच चालू लागले. मी त्यांच्याबरोबर गेलो. मागे वळून बघायची मला हिंमत झाली नाही.

सासऱ्यांना ते लागलं. व्याह्यांनी आपल्या दारात असं विचारावं, हे त्यांना महिनाभर पचलं नाही. बायको म्हणते, गावात ते अजूनही स्कूटर काढतात, तिचं ऐकत नाहीत. पण बाबा येणार असले की ग्लास हातात घ्यायच्या आधी ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवतात.

मी अजून अधूनमधून घेतो. त्या शनिवारी गाडी घरीच असते. सकाळी ती जिन्याखाली दिसली की बाबांना कळतं. त्यांना ते आवडत नाही, आणि आता ते तसं तोंडावर सांगतात.