गाडीच्या पोटाची तक्रार

आमच्या साडूंनी जिची नाडी पाहिली नाही अशी वस्तू या पृथ्वीतलावर अजून निर्माण व्हायची आहे. मुरगूडच्या जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात कंपाउंडर म्हणून काढली. निवृत्तीनंतर शहरात येऊन राजारामपुरीत फ्लॅट घेतला, तेव्हा म्हशी मागे राहिल्या, पण डॉक्टरकी काही सुटली नाही. मिक्सर अडला की ते त्याच्या बुडाला हात लावून ताप बघतात. पंखा कुरकुरला की खाली डोळे मिटून उभे राहतात आणि त्याचा श्वास ऐकतात. रोगी कोणीही असो, पहिला प्रश्न ठरलेला: "काल काय खाल्लंय?" आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं तेव्हा हाच प्रश्न त्यांनी माझ्या बायकोला विचारला. मी पोट धरून हसलो. मशीन उघडलं तर आतून माझाच पायमोजा निघाला. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर जपून हसतो.

अशा माणसाने साठी उलटल्यावर गाडी घेतली. आक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, त्यांनी जन्मभर स्कूटरवर मागे बसवून ऊनपावसात हिंडवलेलं. आता शेजारी बसवून, काचा वर करून, गार हवेत नेसरीला माहेरी न्यायचं, एवढी एकच हौस. त्या गाडीत एक गोल बटण आहे. ते फिरवलं की गाडीचा स्वभाव बदलतो. इकोवर ती गरीब गाईसारखी चालते आणि स्पोर्टवर पायाचा अंगठा टेकायचा अवकाश, उधळते. साडूंनी बटण इकोवर ठेवलं ते ठेवलंच. वर रोज त्याच्याकडे बघून गाडीशी बोलायचे, "शांत जनावर हाय बाई तू. उगं कशाला डिवचायचं?"

यंदाच्या बेंदरानंतर, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्यानंतर, हेच शांत जनावर भर राजारामपुरीत, सिटी बसच्या मागे, कोणी बटणाला बोट न लावता, आपण होऊन स्पोर्टवर गेलं. गाडीने अशी उसळी घेतली की बसवरची टूथपेस्टची जाहिरात मला दाढेपर्यंत वाचता आली. साडूंनी ब्रेक दाबला म्हणून हे लिहायला मी शिल्लक आहे. मी मागच्या सीटखाली चष्मा शोधत होतो. आक्का मात्र शांतपणे दार उघडून उतरल्या, "मी न्हाय बसत ह्यात आता," एवढं म्हणाल्या आणि रिक्षा करून घरी गेल्या. संध्याकाळी साडूंना पुण्याहून लेकीचा फोन आला, रविवारपर्यंत दोष सापडला नाही तर गाडी विकून टाकायची. दावणीचं जनावर बाजारात न्यायला सांगावं तसा साडूंचा चेहरा झाला.

शनिवारी सकाळपासून ते मला घेऊन गॅरेजात ठाण मांडून बसले. मिस्त्रीने गाडीला यंत्र जोडलं. ते म्हणालं, बटणाकडून येणारा निरोप चुकतोय. साडू बॉनेटवर पालथा हात ठेवून म्हणाले, "हिनं खाल्लंय काय, ते बघा आधी."

"काका, गाडी हाय ही."

"म्हून काय झालं? पोट तर हाय की."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. त्याने बॅटरी तपासली, फ्यूज तपासले, वायर ओढून पाहिली. सगळं ठणठणीत. मग बटणाला मीटर लावला, तर बटण जागचं हलत नव्हतं आणि मीटरवरचे आकडे नाचत होते. एवढ्यात आक्का डबा घेऊन आल्या. नवरा सकाळपासून उपाशी होता ना. मिस्त्रीने बटण उचकटलं आणि हातातला पेचकस तसाच राहिला. आतून लाल मुंग्यांची वरातच निघाली. खाली चिकट, काळपट, तुपकट असं काहीतरी. त्याने बोटाला घेऊन हुंगलं.

"काका, पुरण हाय ओ."

मी मिस्त्रीकडे पाहिलं, पुरणाकडे पाहिलं आणि शेजारच्या टायरवर मटकन बसलो.

"गुळाचं पाणी आतल्या पट्ट्यांवर गेलंय," मिस्त्री म्हणाला. "करंट भलत्याच वाटंनं जातोय. गाडीला वाटतंय, कुणीतरी बटण फिरवलंय."

"म्हटलं नव्हतं? पोटाची तक्रार," साडू विजयाने म्हणाले आणि दुसऱ्याच क्षणी चपापले. "पर खायाला घातलं कुणी? पावणं, तुमी?"

मी शपथ घ्यायला तोंड उघडलं, तोवर आक्कांनी डबा बाकावर ठेवला.

"मीच घातलं. बेंदूर होता. आता बैल न्हाईत आपल्यात, म्हून हिलाच ओवाळलं. तोंड कुटलं ते कळंना. तुमी सारखं त्या बटणाकडंच बघून बोलताय, म्हून तितंच पोळी ठिवली आन् वर गुळवणी घातली. मागनं काढून पुसून घेतलं."

"आन् मला बोलली न्हाईस?"

"हसला असता. रोज एकटं हिंडताय हिला घिऊन, नजर ही अशी अधू. तुमास्नी ही घराकडं नीट आणत्या, म्हून घातलं."

म्हशीलासुद्धा दोन शब्द ऐकवल्याशिवाय न सोडणारे माझे साडू डबा उघडून जेवायला बसले. मिस्त्रीने बटण पुसून, वाळवून बसवलं आणि दहा वेळा फिरवून दाखवलं. आकडे जागच्या जागी राहिले. साडूंनी पुण्याला फोन करून विकायचं नाही म्हणून सांगितलं. मग पुढचं दार उघडून उभे राहिले. आक्कांनी क्षणभर बटणाकडे पाहिलं आणि बसल्या.

गाडी इतकी हळू चालली होती की सायकली पुढे जात होत्या. साडू म्हणाले, "रंकाळ्यावरनं जाऊया?"

"उगं लांबचा फेरा," आक्का म्हणाल्या आणि काच थोडी खाली करून बाहेर बघत बसल्या. साडूंनी गाडी रंकाळ्याच्या तळ्याकडे वळवली. मला खरं तर वाटेतच उतरायचं होतं. मी मागच्या सीटवर टेकून बसलो.