वहिनींचा जबाब

अस्वलाने पंजा मारला तेव्हा शिंपीणबाई दुकानाचं मागचं दार उघडत होत्या. सकाळचे सहा वाजले होते. शेजारच्या मटणाच्या दुकानामागे हाडा-कातड्यांचा ढीग नेहमीचाच. त्यात तोंड खुपसून बसलेलं अस्वल कडीच्या आवाजाने दचकलं, बाईंवर झेपावलं आणि पळून गेलं. कानापासून खांद्यापर्यंत सव्वीस टाके पडले.

शुद्धीवर आल्यावर बाईंनी आरसा मागवला. बराच वेळ बघून नर्सला म्हणाल्या, "डॉक्टरांना सांगा, माणसाला कच्चा दोरा घालत नाहीत."

मटणाचं दुकान त्यांच्या धाकट्या दिराचं. तो तिसऱ्या दिवशी कागद घेऊन आला. अस्वलाला गोळी घाला, असा अर्ज. खाली दोनशे सह्या.

"वहिनी, सगळ्यात वर तुमची सही हवी. तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं."

"माझ्यासाठी?" बाई उशीला टेकून बसल्या. "तो ढीग हलवा म्हणून दोन वर्षं तुमच्या कानीकपाळी ओरडतेय मी. तेव्हा कुठे होतात, भाऊजी?"

"म्हणजे जनावर राहिलं बाजूला, गुन्हेगार मी?"

"तुम्ही ताट वाढलंत, ते जेवायला आलं. मी मध्ये सापडले."

दीर कागद घडी घालून तडक निघून गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बाईंच्या डोक्याला मार लागलाय.

गोळीचा हुकूम काढण्याआधी वनखात्याला जखमीचा जबाब हवा होता. नगरपालिकेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाई मानेला पट्टी बांधून उभ्या राहिल्या तशी लोकांनी हळहळ केली. ती फार टिकली नाही.

"आता घाबरत नाही असं म्हणणार नाही," त्या वनखात्याच्या साहेबांना म्हणाल्या. "दार उघडण्याआधी फटीतून बघते मी. त्या अस्वलाचा राग येतो, दात-ओठ खायला होतं. पण हे मेलं तर त्या ढिगावर दुसरं येईल. तुम्ही किती गोळ्या आणल्यात?"

"पोरांवर आलं म्हणजे कळेल!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाई वळल्या. मान वळेना, म्हणून अख्ख्याच वळल्या. "पोरांसाठीच बोलतेय. आधी झाकणाची लोखंडी पेटी आणा, मग बंदूक मागा. लिहा साहेब, हाच माझा जबाब. शब्द बदलायचा नाही."

साहेबांनी तसाच लिहून घेतला. हुकूम निघाला नाही. महिन्याभरात गल्लीत जाड झाकणांच्या चार पेट्या आल्या आणि उघड्यावर हाडं टाकणाऱ्याला दंड लागला. पहिली पावती दिराच्या नावाची फाटली. अस्वल दोनदा आलं, पेट्या हुंगून, उलथवून पाहून गेलं. नंतर फिरकलं नाही.

दीर अजून बोलत नाही. समोरून आला की रस्ता ओलांडतो. बाईंची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. सासूबाईंनी तर "माणसापेक्षा जनावर जवळचं झालं" असं तोंडावर ऐकवलं. बाईंनी ऐकून घेतलं, पण माफी मागितली नाही.

परवा एक जुनी गिऱ्हाईक कापड घेऊन आली. घुटमळत म्हणाली, "आमच्या ह्यांना कोट शिवायचाय. पण हे म्हणतात, ती बाई वेडी आहे."

बाईंनी गळ्यात टेप अडकवली. "मग मापाला त्यांनाच पाठवा," त्या म्हणाल्या. "जवळून बघू दे."