देवाची फळी

ज्याच्या बियाण्याचा लॉट उगवण तपासणीत पास होतो तो स्वतःची पाठ थोपटून घेतो आणि ज्याचा नापास होतो तो मशीनला शिव्या देतो. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळायला लागल्यापासून मी हेच पाहत आले आहे. त्यामुळे आमच्या गावची काकू नापासाचा कागद घेऊन समोर बसली, तेव्हा मी आधी चहा मागवला.

काकूचा आमच्या कंपनीसाठी कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट होता. "एकेक फूल हातानं जोडलंय म्या," ती म्हणाली. "उगवत न्हाई म्हनजे कसं? पुढल्या साली प्लॉटच देनार न्हाईत म्हनं. माय, तू तरी बघ."

तिच्याच टेम्पोत आमच्या दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची पोती आली होती. त्यांचा लॉट झोकात पास झाला. त्यांनी शहागडच्या हॉटेलात पेढे वाटले. वर काकूच्या बांधावर उभं राहून परागीकरण कसं करावं यावर व्याख्यान दिलं. नापास होण्यापेक्षा ते व्याख्यान तिला जास्त लागलं होतं.

आमचं सॉफ्टवेअर दोन भाषांत आहे. उगवणीच्या खोलीत फळ्यांवर बियांचे ट्रे असतात, कॅमेरा त्यांचे फोटो काढतो आणि कोंब मोजतो. तो प्रोग्राम यंदाच पुण्याच्या पोरांनी पायथनमध्ये लिहिला. ते आकडे लॉटला जोडून निकाल छापणारा प्रोग्राम मात्र एका निवृत्त साहेबांचा, जुन्या फॉक्सप्रो भाषेतला. त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. दोन्ही वेगवेगळे चालवले की अगदी गुणी बाळं.

पायथन शून्यापासून मोजतो, फॉक्सप्रो एकापासून. चोर सापडला म्हणून मी खूश झाले. पण ते भांडण पोरांनी आधीच मिटवलं होतं. दोन दिशांनी दोन्ही प्रोग्राम वाचत मी मध्यावर आले, तरी चूक दिसेना. शेवटी खोलीतच जाऊन उभी राहिले.

सगळ्यात वरच्या फळीवर गणपतीचा फोटो होता. खोली सुरू झाली तेव्हापासून पहिली फळी देवाची, तिथे ट्रे ठेवत नाहीत. साहेबांना हे माहीत होतं, म्हणून त्यांचा प्रोग्राम येणारा पहिला आकडा सोडून देत होता. पुण्याच्या पोरांनाही कॅमेऱ्यात गणपती दिसला. त्यांनीही ती फळी आधीच वगळली. दोन भाषांनी देवाचा मान राखला, एकमेकींना न विचारता. त्यात पहिला खराखुरा ट्रे गळाला आणि प्रत्येकाला आपल्या पुढच्या ट्रेचा निकाल मिळाला. शेवटच्या फळीवर तुलनेसाठी कंपनीचा एक ट्रे असतो, त्यामुळे शेवटचा लॉटही रिकाम्या हाताने गेला नाही आणि कुणाला शंकाही आली नाही.

मी तिथेच टाळी वाजवली. मग काकूचा ट्रे पाहिला. कोंबांची नुसती दाटी. हसतच शेजारच्या ट्रेकडे वळले, तर म्हाताऱ्याच्या दातांसारखे चार इकडे, चार तिकडे. एकाच टेम्पोत आलेली पोती, म्हणून ट्रेही शेजारी. चिठ्ठीवरचा नंबर मला पाठ होता. तो आमचा होता.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, साहेबांची पहिला आकडा सोडणारी ओळ तशीच ठेवावी असंही क्षणभर वाटलं. पण काकू बाहेर बाकावर बसलेली होती. मी ओळ खोडली आणि निकाल पुन्हा छापले.

काकूने कागद दोनदा वाचून घेतला. "तरी म्हनलं!" एवढंच बोलली, डोळ्याला पदर लावला आणि शहागडच्या गाडीला निघाली. कुठल्या हॉटेलासमोर उतरणार, ते मला बरोबर माहीत होतं.

संध्याकाळी दादांचा फोन आला. बराच वेळ ते पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "मशीनमधीच कायतरी गडबड असंल. माझा हात कदी चुकत न्हाई. बघ की माय जरा."

"बघते," म्हटलं. दोन्ही भाषांतले प्रोग्राम पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले. सगळं बिलकुल बरोबर होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मनापासून वाटलं, एखादी चूक सापडावी.